दान दिलेली बोट

बाड हॉम्बुर्ग, ३ मार्च २०२४

ती. बाबांस ईश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला इतकं ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र शेजारच्या स्पृहाला मेल करते आहे. ती छापून तुमच्या हातात देईल, तुमचं उत्तरही तीच मेल करील.

बातमी अशी, की आमची बोट चालली. शार्दूलने पाच वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली ती शिडाची यॉट! आम्ही मोजून सात वेळा तिच्यात बसलो असू, त्यातल्या पाच वेळा मला उलट्या झाल्या. एरवी ती बाल्टिकच्या किनाऱ्यावर नुसती उभी असते. विकायला काढली तर गिऱ्हाईक येईना. म्हणून आता एका फेराइनला, म्हणजे सेवाभावी संस्थेला, दान करायची आहे. मोठ्या आजारातून उठलेल्या मुलांना ते लोक समुद्रावर फिरवून आणतात. गुटाख्टर, म्हणजे तज्ज्ञ, बोटीची किंमत ठरवतो. फेराइन तेवढ्याची पावती देतं आणि फिनान्झाम्ट, म्हणजे करखातं, ती रक्कम आपल्या उत्पन्नातून वजा करतं. शार्दूल म्हणतो, यात कुणाचंच नुकसान नाही.

तो हल्ली फार गप्प असतो. ऑगस्टमध्ये बोट कशावर तरी आपटली, तेव्हापासून त्याचं बोटीवरचं मनच उडालं. तुमची नात अन्वी बाकावरून खाली पडली इतका जोराचा धक्का होता. वाळू होती म्हणाला. नंतर बोटीच्या तळाशी थोडं पाणी साचायचं, ते तो स्पंजने टिपायचा.

अन्वी तुमचं मराठी पत्र वाचते, पण बोलते जर्मनमध्येच. रागावू नका. गोळ्या घेत जा, आणि माया आहे तशी राहू द्या.

तुमची ईशू


रत्नागिरी, ९ मार्च २०२४

चि. ईशूस अ. उ. आ.

दानाचं वाचून बरं वाटलं. उलट्यांचं वाचून हसलो. तीस वर्षं बंदरात जहाजं तपासणाऱ्याची तू मुलगी, हे कुणाला सांगू नकोस.

पण त्या पाण्यापाशी अडलो. अशा बोटीच्या पोटाखाली लोखंडाची जड कील असते. तिच्या वजनावर बोट सरळ राहते, आणि ती स्वतः मोजक्या बोल्टांवर टांगलेली असते. बोट आपटली की बोल्ट आतून तडकतात, खारं पाणी शिरतं, गंज पोखरत जातो. वरून रंग दिला की काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी कील सुटते आणि माणसांना ओरडायलाही वेळ न देता बोट पालथी होते.

शार्दूलरावांना विचार, धक्क्यानंतर कील उतरवून पाहिली होती का. आणि तू स्वतः जा. कील बोटीला मिळते तिथे केसाएवढी रेघ दिसते का ते बघ. म्हाताऱ्याला काळजी करायची खोडच आहे असं म्हण हवं तर, पण बघ.

अन्वीला म्हणावं, आजोबाही जर्मन शिकताहेत. ‘या’ आणि ‘नाइन’, म्हणजे हो आणि नाही, एवढं येतं.

बाबांचे आशीर्वाद


बाड हॉम्बुर्ग, २ एप्रिल २०२४

ती. बाबांस शि. सा. न.

ईस्टरच्या सुट्टीत बोटीवर काही सामान राहिलंय का बघू, असं सांगून शार्दूलला घेऊन गेले. बोट किनाऱ्यावर घोडीवर चढवून ठेवली होती. नवा निळा रंग. तुम्ही सांगितलेल्या जागी रेघ नव्हती. नखाने खरवडलं, तर रंगाखालून पांढरी पुट्टी निघाली. शार्दूलने माझा हात धरून मागे ओढला. धर्माच्या गाईचे दात कुणी मोजत नाही, म्हणाला.

घरी आल्यावर मी कराच्या कागदांची फाइल उघडली. बाबा, गुटाख्टर एक नाही, दोन झाले. पहिल्याने ऑक्टोबरमध्येच लिहून दिलंय, की कील सैल आहे, ती उतरवून दुरुस्त केल्याशिवाय बोट पाण्यात नेऊ नये. आणि किंमत जवळजवळ शून्य. दुसरा आला फेब्रुवारीत, रंग दिल्यावर. धक्क्याचं त्याला सांगितलंच नाही. त्याने भरघोस किंमत लावली आणि त्यावरच पावती झाली. बोट आता फेराइनची आहे.

त्याच फाइलमध्ये शार्दूलची नोकरी गेल्याचं पत्र होतं. नोव्हेंबरचं. रोज सकाळी डबा घेऊन हा कुठे जातो, मला माहीत नाही. नोकरी सुटताना मिळालेल्या पैशावर मोठा कर आहे, तो या पावतीने कमी होणार आहे.

नऊ मेला मुलांची पहिली फेरी आहे. फेराइनला सांग म्हटलं, तर म्हणाला, सांगितलं की फसवणुकीचा गुन्हा होईल, मग मला दारात कोण उभं करील? ते लोक स्वतः तपासतीलच, म्हणतो. मला जेवण जात नाही. तुम्ही त्याला लिहा.

ईशू


रत्नागिरी, ४ एप्रिल २०२४

चि. शार्दूलराव यांस अ. उ. आ.

नोकरीचं कळलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जावई म्हणून तुमची किंमत मी पगारावरून केली नव्हती.

आता जे लिहितो ते ईशूच्या आईलाही मी कधी सांगितलं नाही. नोकरीच्या सातव्या वर्षी एका मालवाहू पडावाला मी खाली न उतरता दाखला दिला. मालक ओळखीचा होता आणि मला घरी जायची घाई होती. तो पडाव बंदराच्या तोंडाशीच बुडाला. चार खलाशी गेले. चौकशीत कागद चोख निघाला, मला कुणी काही विचारलं नाही. बढतीसुद्धा मिळाली. त्यानंतर कुठल्याही सणाला माझ्या घशाखाली गोड सुखाने उतरलेलं नाही.

तुमच्या हातात अजून वेळ आहे. पत्र वाचून होताच फोन करा. दंड होईल, नाचक्की होईल. मी माझी ठेव मोडून पाठवतो. पण त्या बोटीत कुणाला पाय ठेवू देऊ नका.

तुमचा,
सुधीर


बाड हॉम्बुर्ग, ८ एप्रिल २०२४

ती. बाबांस शि. सा. न.

तुमचं पत्र शार्दूलने बाल्कनीत उभं राहून दोनदा वाचलं आणि फोन घेऊन खाली गेला. वर आला तो म्हणाला, सगळं सांगितलं, फेराइनच्या फ्राऊ हार्म्सनी आभार मानले, त्या कील उतरवून घेणार आहेत. मी देवापुढे साखर ठेवली. काल किती दिवसांनी पोटभर जेवले. तुमचे उपकार कसे फेडू?

ईशू


बाड हॉम्बुर्ग, ३० एप्रिल २०२४

ती. बाबांना शार्दूलचा सा. न.

ईश्वरीने तुम्हाला कळवलं ते खोटं होतं. तिने मला विचारलं आणि मी तिला तसं सांगितलं. मी खाली जाऊन नंबर फिरवला होता. पलीकडून फ्राऊ हार्म्स बोलल्या, आणि मी फक्त बोटीच्या किल्ल्या मिळाल्या का, एवढंच विचारलं. मग रोज ठरवत होतो, उद्या सांगू. नऊ मे लांब वाटत होता.

मुलांना नेण्याआधी एकदा स्वतः चालवून बघावी, म्हणून शनिवारी त्या आणि त्यांचे सहकारी येन्स बोट घेऊन बाहेर पडले. वारा फारसा नव्हता. किनाऱ्यावरून पाहणारे म्हणाले, बोट एका बाजूला कलली आणि उठलीच नाही. फ्राऊ हार्म्सना मच्छीमारांनी वर काढलं. येन्स आत केबिनमध्ये होते असं वाटत होतं, पण बोट ओढून आणली तेव्हा ते आत नव्हते.

काल मी इस्पितळात फ्राऊ हार्म्सना भेटायला गेलो. त्यांनी मला ओळखलं आणि माझी माफी मागितली. तुमची इतकी सुंदर बोट आम्हाला नीट सांभाळता आली नाही, म्हणाल्या. तेव्हा मी सांगितलं. तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं, असं त्यांनी विचारलं. मी ऑक्टोबर म्हणालो. त्यांना पटलं नसावं, त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा ऑक्टोबर म्हणालो. मग त्यांनी घंटी दाबून नर्सला बोलावलं आणि मला बाहेर न्यायला सांगितलं.

तिथून पोलिसांकडे गेलो. दोन्ही अहवाल दिले, जबाब दिला. ईश्वरी अन्वीला घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली आहे. बाबांना स्वतः लिही, एवढाच तिचा निरोप आला.

आज दुपारी शोध थांबवला. येन्स अडुसष्ट वर्षांचे होते, शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पत्नीला अजून वाटतं, की वाऱ्यामुळे झालं. उद्या सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. तुमच्याकडे मला आशीर्वाद मागवत नाही.

शार्दूल