सीटखालची शीळ

३ जून

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद. रजेवर येऊन तू गाडीत नवे स्पीकर आणि सीटखाली अॅम्प्लिफायर बसवून गेलीस, पण गाण्यामागे सतत एक बारीक शीळ वाजते. जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावले, मला ती डाचणारच. तुझ्या आईला म्हणे काहीच ऐकू येत नाही. तिचे कान कामातून गेलेत, पण हे तिला सांगायची माझी छाती नाही. तुझ्या वर्कशॉपात अशा गाड्या येतच असतील. उपाय कळव.
तुझे बाबा

९ जून

ती. बाबांना,
सा. न. वि. वि. हा बहुतेक अर्थिंगचा घोळ. अॅम्प्लिफायरची काळी तार सीटच्या बोल्टखाली आवळली आहे. तिथे रंग राहिला असेल, तर वीज धड परत जात नाही. बोल्ट सोडवून पत्रा चकाकेपर्यंत घासा आणि तार पुन्हा घट्ट आवळा. आधी बॅटरीची तार काढा, नाहीतर ठिणगी उडून नावाला जागाल माझ्या! अॅक्सिलरेटर दाबल्यावर शीळ चढते का, तेही बघा. आईला छळू नका.
तुमची ठिणगी

१५ जून

चि. ठिणगीस,
अ. आ. पत्रा लख्ख घासला. शीळ आहेच, आणि अॅक्सिलरेटर दाबून तसूभरही चढत नाही. मग इंजिन बंद केलं, फ्यूज काढला, शेवटी बॅटरीची तारही काढली आणि काचा लावून बसलो. तरी वाजतेय! शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, काका, मेलेली गाडी वाजेल कशी? चांगला झापला त्याला. तू ये आणि सगळं वायरिंग उपसून नव्यानं टाक. त्यात संगीतशाळेनं परत बोलावलंय. मी लावलेला पियानो बेसूर आहे म्हणे. तिथल्या पोरांचे कानच तयार नाहीत.
बाबा

२० जून

ती. बाबांना,
सा. न. गॅरेजवाल्याशी भांडू नका, तो खरं बोलला. बॅटरी सोडवलेल्या गाडीत काही वाजू शकत नाही. सकाळी घर शांत असताना अंथरुणातही शीळ ऐकू येते का, ते बघा. मला वाटतं, येत असेल. शनिवारी मी येते, आपण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. तोवर पियानोला हात लावू नका. रागावा, पण एवढं ऐका.
तुमची ठिणगी

२ जुलै

चि. ठिणगीस,
आशीर्वाद. डॉक्टरांचं बोलणं तू ऐकलंसच, शीळ माझ्या कानातच आहे. तरी तू गेल्यावर मी संगीतशाळेत गेलो. वरच्या पट्ट्या दाबल्या. हातोडी तारेवर पडताना दिसते, पण ऐकू येते ती शीळच. दुसरा माणूस बघा, असं तिथल्या बाईंना सांगितलं आणि जिन्यात रडलो. मनात तिच्या कानांना दोष दिला म्हणून आईची माफी मागितली. ती हसली आणि उठून आत गेली.

आता एक विचारतो. फोनवरचं तुझं बोलणं मला कित्येक महिने नीट कळत नाही. मी आपला हो हो करत राहतो. मे महिन्यात एकदा तू रडत होतीस, असं आई काल म्हणाली. माझ्या हातातल्या फोनमधून तिला ते लांबून ऐकू आलं होतं, आणि काय झालं ते मी सांगेन म्हणून ती बिचारी थांबून राहिली. मी तर हसून फोन ठेवला होता.

पोरी, तेव्हा तू काय सांगत होतीस? लिहून कळव. माया पातळ करू नकोस.
तुझे बाबा