नवरीच्या बाटलीतली चमेली

रमझीकाका,

कॉलेज सोडून तुमच्या अत्तराच्या दुकानात राबलो, ते तुमच्या मुलीसाठी, इनाससाठी. मागणी घातली तर म्हणालात, "अर्धवट शिकलेल्याला मुलगी देऊ? आरशात बघ, गाढवा!"

तुमची विद्या मात्र पुरती शिकलो. चमेलीत गोडं तेल मिसळायचं, वर जळती काडी धरायची आणि ओरडायचं, "भडकलं का? बघा, स्पिरिट नाही!" गोडं तेलही भडकत नाही, हे पर्यटकांना कुठे ठाऊक!

गुरुवारी इनासचं लग्न. नवरीच्या अंगाला लावायच्या अत्तराच्या बाटलीतही तुम्ही तेच भेसळीचं भरलंत. थू! मी ते ओतून दिलं आणि तुमच्या कपाटातली शुद्ध चमेली भरली.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. वाचलंत, तर लग्नाआधी ती बाटली गिऱ्हाइकाला विकाल.

तुमचा गाढव,
वगीह