सरकणारा ठिपका

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर तू दोन वाक्यांत "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. गुडघे कसे आहेत? दुकानात शिलाईला अजून तूच बसतेस ना? ऐकायची नाहीसच तू कुणाचं.

बातमी आनंदाची आहे. आमच्या वेधशाळेत मागे एक लघुग्रह सापडला होता, त्याची कक्षा आता पक्की झाली. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरतो. कोळशासारखा काळा, बटाट्यासारखा वेडावाकडा. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला चार वर्षं लागतात. पृथ्वीवर आदळणार नाही, तेव्हा उगाच पोटात गोळा आणू नकोस.

मी त्याला कॅमेऱ्यातली धूळ समजून बाद केलं होतं. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं काढलेले फोटो आम्ही एकापाठोपाठ बघतो. तारे जागच्या जागी राहतात. हा ठिपका सरकत होता. नव्यानं आलेल्या मदतनीस मुलीनं तो बरोबर हेरला. म्हणाली, "मावशी, धूळ अशी सरळ रेषेत चालते का गं?"

निसटलंच बघ हातून.

हो, तुझीच लेक. दुकान सांभाळणार नाही म्हणून तुझ्याशी भांडून निघाली, ती थेट माझ्या दारात आली. "आईला सांगितलंस तर इथूनही जाईन," म्हणाली. मग काय करणार? तिचा विषय निघाला की तू फोन ठेवायचीस, आणि तुझा फोन आला की ही दाराआड उभी राहून ऐकायची. दोघी सारख्याच हट्टी, मधल्यामध्ये माझं मरण.

आता ऐक. लघुग्रह शोधणाऱ्याला त्याचं नाव सुचवायचा मान मिळतो. स्वतःचं मात्र देता येत नाही. तिला तुझं द्यायचंय. तुला विचारल्याशिवाय पाठवणार नाही, आणि विचारायची हिंमत होत नाही. दुसरं सुचव म्हटलं, तर म्हणते, "मग राहू दे नुसत्या क्रमांकावर."

माझ्यावर हवं तेवढं रागाव. पण या पत्राचं उत्तर मला देऊ नकोस, तिला दे. तिचा नंबर जुनाच आहे. तू कधीतरी फोन करशील, म्हणून तिनं तो बदललेला नाही.

तुझी लेक तुझ्यासाठी सांभाळून ठेवणारी,
धाकटी