प्रेमदासची रेकॉर्ड आणि तांड्यातला ढावलो

चि. प्रेमदास यास,

तुझ्या हिरासिंग दाजीचा रामराम आणि आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हैस सोडून. तिचं पुढे येईल. तुझी तब्येत कशी आहे, वेळेवर जेवतोस का, आणि पुण्यात त्या चार तारांच्या गिटारीवर खरोखर पोट भरतं का, हे तुझ्या बहिणीने विचारायला सांगितलं आहे. (शेवटचा प्रश्न माझा आहे.)

तू पाठवलेल्या तिन्ही रेकॉर्डी पोचल्या. तू वाजवतोस त्याला बास म्हणतात, त्यात फंक आणि जॅझ असतं आणि वरून तू आपल्या तांड्याची गाणी मिसळतोस, एवढं मला आमच्या शिवकन्येने समजावून सांगितलं. पण शहाण्या माणसा, तांड्यात ती वाजवायची मशीन कुणाकडे आहे याचा काही विचार केलास का? पहिली रेकॉर्ड तुझ्या ताईने, जिवनबाईने, देवाजवळ ठेवली आणि तिला कुंकू लावलं. दुसरी नारंगी, आरपार दिसणारी; ती पाहून भिकाबाई काकी कात्रीच घेऊन आली, म्हणे घागऱ्याला लावायला चकत्या कापते. (पाकिटावर तू पाठमोरा का उभा आहेस, तोंडाला काही झालं का, हेही ती विचारत होती.)

तिसरीसोबत तू लिहिलंस की मागच्या बाजूला ताईचा ढावलो आहे, दिवाळीत ती भांडी घासताना गुणगुणत होती तेव्हा मोबाइलवर घेतलेला. मग मला राहवेना. वैशाखात शिवकन्येचं लग्न आहे हे तुला ठाऊकच आहे. नवरीने एकेकाच्या गळ्यात पडून निरोपाचा ढावलो गायल्याशिवाय आपल्याकडे पोरगी सासरी जात नाही, पण तुझी भाची हिंगोलीत नर्स झाल्यापासून म्हणते, "वाशिमला तर चालले, जीव झाला की बसनं येते. रडू काहून?" यावरून मायलेकींचं बोलणं बंद. तुझी बहीण रागावली की भाजीत मीठ घालत नाही, आणि ती भाजी मला खावी लागते. मला वाटलं, आईचा आवाज ऐकून पोरगी ढावलो शिकेल आणि घर थंड होईल.

पुसेगावच्या मुंजाजी मंडपवाल्याच्या माळ्यावर त्याच्या बापाची जुनी मशीन निघाली. (तिच्यात कबुतराने संसार मांडला होता.) मुंजाजीला हळू आवाज ही गोष्ट माहीत नाही. मी नुसती मशीन सांगितली, त्याने स्पीकर आणले आणि भोंगा थेट लिंबावर चढवला. "हिरासिंगभाऊ, एवढं आणलं तर तांड्याला बी ऐकू द्या," म्हणाला. आधी पुढची बाजू लावली. तुझा बास सुरू झाला तसे घरावरचे पत्रे थरथरले, फळीवरची भांडी पुढे सरकली आणि म्हशीने जो पान्हा चोरला तो आजतागायत सोडलेला नाही.

मग त्याने रेकॉर्ड उलटली आणि लिंबाच्या शेंड्यावरून जिवनबाईचा ढावलो निघाला. आता तूच सांग, शेतात हळद शिजवणाऱ्या बायांनी काय समजायचं? जिवनबाईच्या घरून पोरगी निघाली आणि तांड्याला खबर नाही. हातातलं टाकून सगळ्या पिवळ्या हातांनी धावत आल्या, पुढे भिकाबाई. "वरात न्हाई, जेवण न्हाई, अन् पोरगी लावून बी दिली? आमी मेलो होतो का?" मी रेकॉर्ड दाखवत होतो, पण तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिवकन्या ड्यूटीचे पांढरे कपडे घालून बसची वाट पाहत उभी होती, तिच्या गळ्यात पडून काकीने हंबरडा फोडला. एकीने सुरू केल्यावर बाकीच्यांना कोरडं उभं राहता येत नाही, तेव्हा सगळ्याच सुरू झाल्या. ढावल्याच्या खालून तुझा बास चालूच होता. वर डोळ्यांतून धारा आणि खाली पाय ठेक्यात हलताहेत, असं रडणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात तांड्याचे सेवा नायक आले. नायकाला न विचारता पोरगी लावली म्हणून त्यांचं तोंड उतरलं होतं. मी सगळं समजावलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रेकॉर्ड असो का काही असो, ढावलो झाला म्हंजे जेवण बराबर झालं पाहिजे." ते मला घालावं लागलं.

पण त्याआधी सुई अडकली. ढावल्यात बापाची पाळी आली आणि रेकॉर्ड 'बापू, बापू' एवढंच म्हणत राहिली. ज्याचं नाव येईल त्याने पुढे व्हायचं, म्हणून बायांनी मला ढकललं. शिवकन्येने माझ्या गळ्यात हात टाकले. रेकॉर्ड काही पुढे जाईना, तसे आम्हालाही वेगळं होता येईना. आधी ती खुदुखुदु हसत होती. मग माझ्या खांद्यावर तिचं हसणं कधी मोडलं कळलं नाही, आणि रेकॉर्डला जी ओळ म्हणता येत नव्हती ती तिने स्वतःच म्हटली. चुकीची म्हटली. चुलीजवळून जिवनबाई राखेच्या हातांनी बाहेर आली आणि तिने ती सुधारून दिली. मीही रडलो, प्रेमदास, चांगला मोठ्याने रडलो.

तर सांगायचं एवढंच की म्हैस आटली, नर्सचे कपडे पिवळे झाले आणि अख्खा तांडा जेवून गेला. कृपा करून आणखी रेकॉर्ड पाठवू नकोस.

तुझा,
हिरासिंग दाजी

ता. क. मायलेकी आता बोलतात. भाजीत मीठ आहे.

ता. क. शिवकन्या ढावलो म्हणायला तयार झाली, पण म्हणते, खालून मामाचा बास नसेल तर सूर सापडत नाही. तेव्हा वैशाखात गिटार घेऊन ये. भाच्यांची मागची लग्नं तू कार्यक्रमांपायी चुकवलीस, त्याबद्दल तुझी बहीण कधी बोलत नाही, पण दर वेळी तुझं ताट वाढून ठेवते.

ता. क. ती रेकॉर्ड शिवकन्या वाशिमला नेणार आहे. मला नाही म्हणता आलं नाही. तेव्हा वरचं काही मनावर घेऊ नकोस आणि तसलीच आणखी एक पाठव. मुंजाजीला मशीन इथेच राहू दे म्हणून सांगितलं आहे. पोरगी गेल्यावर घरात फार शांतता होईल, ती मला सोसायची नाही.