सैल पट्टा, खालची पट्टी

सर, तुमचे उस्ताद गेले. मंगळवारी सकाळी मी कुकर लावत होते आणि मोबाइलवर एकामागून एक त्या लांब केसांच्या गोऱ्या गिटारवाल्याचे फोटो येऊ लागले. खालचं इंग्रजी वाचायच्या आधीच मला कळलं. हाच चेहरा तुमच्या लातूरच्या स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलेला होता, कॅसेटच्या कव्हरातून कापलेला, शंकराच्या तसबिरीशेजारी. काकूंनी घाईत पूजा उरकली की अधूनमधून त्याच्याही कपाळाला विभूती लागायची. तुम्हाला जाऊनही आता इतकी वर्षं झाली की ही बातमी मी तुम्हाला कळवावी यात काही अर्थ नाही. तिकडं तुमची गाठ पडलीही असेल. पडली असेल तर त्याचंच गाणं त्यानं कसं वाजवायला हवं होतं, हे तुम्ही त्या बिचाऱ्याला समजावत बसला असाल.

इथं नांदेडात त्याचे इतके चाहते आहेत हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वजिराबादच्या चौकात फ्लेक्स लागला. एका बाजूला कुणा दादांचा वाढदिवस, दुसऱ्या बाजूला कोचिंग क्लासचे गुणवंत, आणि मधे गिटार घेतलेला तो म्हातारा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल: समस्त चाहता वर्ग, नांदेड'. मी स्कूटी बाजूला घेऊन हसले आणि हसता हसता मला रडू आलं, सिग्नलवरच्या लोकांनी पाहिलंही असेल. शनिवारी संध्याकाळी एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. ठरवणारा तिशीतला, गिटारचे क्लास घेणारा तरुण. आमच्या शाळेतल्या कुणीतरी त्याला सांगितलं की गणिताच्या बाई लातूरच्या सरांच्या हाताखाली शिकल्यात. तो शाळेत आला, चक्क पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, उस्तादांचं ते मोठं गाणं तुमीच वाजवायचं." मी लगेच हो म्हटलं. मला दुसरं कुठलं गाणं येतं तरी का?

ते गाणं तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. बाकीची दोन मुलं बाहेरच्या खोलीत बसायची, पण मी मुलगी, आणि काकू समोर असतील तरच शिकवा अशी बाबांची अट. काकू तर चुलीपुढून हलणार नाहीत. म्हणून वर्गच आत आला. मला ते आजही दिसतं. फडताळावर टेप, टेपवर पीठ उडालेलं, ती दोघं उंबऱ्यात कोंबलेली आणि मी पाटावर. टेपचा आतला रबरी पट्टा सैल झालाय आणि त्यामुळं गाणं हळू आणि खालच्या सुरात येतंय, हे मला तेव्हा माहीत नाही. उस्ताद संथ वाजवतायत, तार जणू पाण्यातून ओढल्यासारखी. टेप बंद करून तुम्ही म्हणता, "आता तू. काकूच्या भाकरीकडं बघून वाजव." काकू थापतात, थप थप, वळवतात, पुन्हा थप थप, आणि त्या ठेक्यावर माझी बोटं चालतात. तारा तुम्ही टेपला जुळवून घेतलेल्या, म्हणजे मूळ पट्टीपेक्षा अख्खा एक सूर खाली. लातुरात तुमच्याकडं शिकलेला प्रत्येक जण त्याच खालच्या पट्टीत वाजवायचा. तुम्ही गेलात तेव्हा दारात आम्ही तेच वाजवलं आणि ते मयतीसाठीच रचलंय असं वाटत होतं.

आणि तो दिवस. सुट्टीत मी मामाकडं हैदराबादला गेले होते. तिथं मामेभावाच्या नव्या टेपवर ते गाणं लागलं आणि मला ओळखूच आलं नाही, इतकं वरच्या पट्टीत आणि इतकं पळणारं. परत आल्यावर मी सगळ्यांसमोर तुम्हाला सांगितलं. तुम्ही गिटार पुसत होतात. "त्यांचा टेप पळून राहिला असंल," म्हणालात. मी म्हटलं, "न्हाई सर, आपलाच हळू हाय." तुम्ही वर पाहिलंत. "तुला घाई हाय ना, मग एसटीत बसून जा. गिटार कशाला शिकून राहिलीस?" उंबऱ्यातली दोघं हसली. काकूंनी परातीतून मानसुद्धा वर केली नाही. मी रडत घरी गेले, आणि पुढं कधी तो विषय काढला नाही. मोठी झाले, मोबाइलवर जगातलं सगळं ऐकायला मिळू लागलं, तरी ते गाणं सुरू झालं की मी बंद करायचे. सरांना बिचाऱ्यांना टेपचं माहीत नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आणि त्या समजुतीवर जन्मभर तुमची बाजू घेत आले.

शुक्रवारी तालीम झाली. मी चार सुरावटी वाजवल्या असतील, त्या तरुणानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"मॅडम, तुमची गिटार उतरलीय."

"उतरली नाही, उतरवलीय."

"अख्खा एक सूर? अन् लय पन लईच हळू हाय. मॅडम, ते पार्टीचं गाणं हाय. लोक नाचतेत त्याच्यावर."

"आमच्या सरांनी असंच शिकवलं."

"सर चुकले असतील की," तो म्हणाला, आणि इतक्या आदबीनं म्हणाला की मला रागावताही येईना. मग त्यानं सरळ सांगितलं. बाकीचे सगळे मूळ पट्टीत वाजवणार, मी तारा चढवल्या तर ठीक, नाहीतर माझं नाव काढावं लागेल. "उस्तादांच्या श्रद्धांजलीत उस्तादांचंच गाणं चुकीचं वाजलं तर लोक मला सोडनार न्हाईत." त्याचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट. पण उंबऱ्यातल्या त्या दोघांपैकी एक दुबईला आहे, दुसऱ्यानं गिटार केव्हाच विकली. मी तारा चढवल्या की तुमचं ते गाणं कुणीच वाजवणार नव्हतं. तुमचं माझ्याकडं दुसरं काही नाही, सर. फोटोसुद्धा नाही.

घरी येऊन काकूंना फोन लावला. का लावला कुणास ठाऊक. बहुतेक त्यांनी 'वाजव बाई तू तसंच' म्हणावं म्हणून. त्यांच्याशी आता मोठ्यानं बोलावं लागतं. मी विचारलं, "काकू, आपला टेप हळू चालायचा, हे सरांना माहीत होतं का?"

"माहीत कसं न्हाई? पट्टा सैल झाल्ता की त्याचा. तू हैदराबादहून आल्तीस बघ, त्याच्यानंतर नवा पट्टा आनून बसवला त्यांनी. दोन दिस वाजवला. मग काढला अन् जुनाच घातला."

"का?"

"म्हणले, लईच पळून राहिला, तुझ्या भाकरीसंगं मेळ बसंना. मला म्हणले, तू जरा पटपट थाप. म्या म्हणलं, मला न्हाई जमायचं. मग काय, उस्तादालाच हळू केलं." काकू हसल्या आणि त्यांना खोकला लागला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, मी सांगितलं म्हणू नको हं त्यांना." मी म्हटलं, नाही सांगत. तुम्ही आता नाही, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

सर, मला तुमचा इतका राग आला. मी खरं बोलले होते. तुम्ही ते तपासून पाहिलंत, मी बरोबर निघाले, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी हॉलवर गेले ती ठरवूनच, की जग वाजवतं तसंच वाजवायचं. समोर काळे टीशर्ट घातलेली पोरं खचाखच भरलेली, मंचावर उस्तादांच्या फोटोला झेंडूचा हार. पडद्यामागं मी खुंट्या पिळायला घेतल्या. दोन तारा चढवल्या असतील, तेवढ्यात ड्रमवाला जवळ आला. हिमायतनगरचा, तालमीत एक शब्द न बोललेला. म्हणाला, "मॅडम, तुमचं कालचं हळू त्येच मनात घोळून राहिलं. पन मला ठेकाच घावंना. कुठं धरू?"

मी म्हटलं, "तुझी आई भाकरी थापते का?"

"थापते की."

"मग तसा धर."

त्यानं मांडीवर हातानं थापून दाखवलं, थप थप, वळवल्यासारखी जरा उसंत, पुन्हा थप थप. अगदी तेच. मी चढवलेल्या तारा पुन्हा उतरवल्या. त्या तरुणाकडं गेले आणि म्हटलं, बाकी कुणी वाजवू नका, आम्ही दोघंच वाजवतो, लोकांनी आरडाओरडा केला तर माझ्यावर ढकला. तो कपाळाला हात लावून बाजूला झाला.

सुरुवातीला मागून कुणीतरी हसलं. एकानं ओरडून वेग वाढवायला सांगितलं. माझी पहिली ओळ धड लागली नाही. मी समोर बघायचं सोडून ड्रमवाल्याच्या हातांकडं बघत राहिले, जशी काकूंच्या हातांकडं बघायची. मधे केव्हातरी हॉलमधला आवाज थांबला. नाचण्याच्या गाण्यावर ती पोरं उभीच होती, आणि पहिल्या रांगेतला एक जण शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. उस्तादांनी ते खुशीत वाजवलं होतं, सर. त्यांच्यासाठी रडता येईल असं ते तुमच्या सैल पट्ट्यानं केलं. उतरल्यावर तो तरुण आला. त्यानं एवढंच विचारलं, "मॅडम, पट्टी कोणती होती?" मी म्हटलं, "लातूरची." तो बरं म्हणाला आणि पुढच्या कलाकाराला बोलवायला गेला.

आज रविवार. सकाळी भाकरी करताना मोबाइलवर मूळ गाणं लावलं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. चांगलं आहे हो. माझा पाय हलत होता. त्या वेगानं थापायला गेले तर भाकरी हातात फाटली. तुमच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही, पण तुम्ही नवा पट्टा का काढलात ते मला कळलं. हे पत्र लातूरच्या पत्त्यावर टाकलं तर काकू उघडतील आणि नातीकडून वाचून घेतील. म्हणून टाकत नाही. तुम्हाला काही सांगणार नाही असा मी त्यांना शब्द दिला होता, आणि सगळं सांगून बसले.