छपराखालची दहा मिनिटं

१२ सप्टेंबर

आज युनियनच्या सभेत ठराव मांडला – कारखान्यामागचं सिगारेट ओढायला बांधलेलं छप्पर पाडून टाका. मनसोक्त बोललो. घसा अजून तापलेला आहे. रोमचं साम्राज्य आतून कसं पोखरलं इथून सुरुवात केली आणि माझ्या भावाच्या फुप्फुसांवर येऊन थांबलो. मग मागच्या बाकावरून ड्यूई स्कॅग्ज म्हणाला, "ल्युशस, रोमला छप्पर होतं का रे?" सगळे हसले. ड्यूई माझ्या समोरच्या टेबलावर गाद्यांचं कापड कापतो. दोस्ती जुनी, म्हणून सोडून दिलं.

मतदान पुढच्या महिन्यात. त्याआधी विद्यापीठाची पाहणी होणार आहे, ती काय सांगते बघू, असं लोकांचं म्हणणं. बघा म्हटलं. खुशाल बघा.

सभेत सांगितलं नाही ते इथे लिहितो. ठराव भावासाठी नाही. भाऊ गेला, तो आता कशानेच परत येत नाही. ठराव झिपोरासाठी आहे. वसंतात मी माल चढवायच्या दारातून सहज बाहेर पाहिलं, तर माझी मुलगी त्या छपराखाली उभी. बोटांत सिगारेट. ज्या घरातून तिच्या काकाची शवपेटी निघाली त्या घरातली पोर! त्या दिवशी मी तिला जे बोलायचं ते बोललो, आणि तेव्हापासून आम्ही दोघं फक्त हवापाण्याबद्दल बोलतो. ती शिलाईला आहे, माझ्यापासून दोन रांगा पलीकडे. हवापाण्याचं आमचं आता सगळं बोलून झालंय.

१५ सप्टेंबर

कोठारांना धुरी लागली. दरवर्षीसारखा सगळ्या खोऱ्यावर निळसर धूर, तंबाखूची पानं आत सुकायला टांगलेली आणि खाली हिकरीच्या लाकडाचा ओंडका धुमसतोय. मला हा वास आवडतो हे मी कुठल्याही व्यासपीठावर कबूल करणार नाही. बाप दुसऱ्याच्या शेतात अर्ध्या वाट्याने तंबाखू करायचा. ओली पानं अंगाखांद्यावर वाहून मी लहानपणी दिवस दिवस ओकलोय. पण ज्या चर्चमध्ये मी रविवारी प्रवचन देतो, त्याचं छतही त्याच पानांच्या पैशावर उभं राहिलं. शत्रू असा असावा – ज्याचं मीठ आपण खाल्लंय.

विद्यापीठाची बाई आली. मिस हॅलोरन. तरुण, नीटनेटकी, गाडीतून उतरली तीच घाबरलेली. "मिस्टर टँडी, टेकडीमागे कोठार पेटलंय, मी अग्निशमनला फोन करू का?" ड्यूई म्हणाला, "करा बाई. ते दरवर्षी येतात, कॉफी पितात आणि जातात."

पाहणी दोन भागांची. तंबाखूबद्दल तुमचं मत काय, आणि कामावर तुम्ही समाधानी आहात का. लोक परक्या माणसापुढे तोंड उघडणार नाहीत, तेव्हा तुम्ही त्यांना सांगा, असं ती म्हणाली. मी कॅन्टीनमध्ये पेटीवर उभा राहून सांगितलं. खरं बोला, बिनधास्त बोला, नाव कुठे लागत नाही.

घरी ओडेसाला सांगितलं. ती घेवडा ढवळत म्हणाली, "पेटीवर चढायला तुला निमित्त लागतं होय?" बत्तीस वर्षं या बाईशी संसार केलाय. अजून एकदाही वादात जिंकलेलो नाही.

१९ सप्टेंबर

झिपोराने आज हवा गार आहे असं सांगितलं. हो म्हटलं, आहे.

२६ सप्टेंबर

मिस हॅलोरन दुपारी युनियनच्या खोलीत आली. चेहऱ्यावर गोंधळ. म्हणाली, "मिस्टर टँडी, तुम्हाला आवडणार नाही. तुमच्याकडचे सिगारेट ओढणारे लोक बाकीच्यांपेक्षा सुखी आहेत."

मी खुर्चीतून उठलो. किती सुखी? तर सगळ्याच बाबतीत. फोरमनबद्दल तक्रार कमी, सोबत्यांशी जमतं जास्त, पाठदुखीसुद्धा कमी. नोकरी सोडायचा विचारही ते सहसा करत नाहीत. मी म्हटलं, ही कुठल्या सिगारेट कंपनीने पैसे देऊन करून घेतलेली पाहणी आहे? बिचारी लालबुंद झाली. सरकारी पैशावर चाललीय म्हणाली. मग मी आणखी जोरात बोललो. सरकारबद्दलही मला पुष्कळ म्हणायचं असतं.

माझं संपल्यावर तिने कागद उलटला. मग म्हणाली, "विचित्र गोष्ट वेगळीच आहे. या लोकांना तंबाखूचा तिटकारा आहे. ओढणाऱ्यांनीच लिहिलंय, वास सहन होत नाही. खोकला तर एकालाही नाही. मी तीन राज्यांत हे काम केलंय. असे ओढणारे मी पाहिले नाहीत." आणि मग, "तुम्ही त्या छपराखाली कधी गेला आहात?"

नाही गेलो. मुद्दाम. इतकी वर्षं तत्त्व म्हणून नाही.

तिला मी आमची पद्धत समजावून सांगितली. कारखान्याचा जुना मालक स्वतः तंबाखूवाला. दम मारल्याशिवाय माणसाची टाके घालायची रेघ सरळ येत नाही, असा त्याचा विश्वास. म्हणून करारातच आहे – जो सिगारेट ओढतो त्याला सकाळी दहा मिनिटं आणि दुपारी दहा मिनिटं बाहेर. बाकीच्यांना फक्त जेवणाची सुट्टी. दारात फोरमन गार्लंड बसतो. हातात सिगारेट दिसली की मान हलवतो, माणूस बाहेर.

"आणि तुम्ही?" तिने विचारलं.

मी ओढत नाही. मी दिवसभर उभा असतो.

ती पेन्सिल चावत बसली.

२८ सप्टेंबर

हसू आवरत नाही. लिहितानाही आवरत नाही.

आज सकाळी ड्यूईच्या मागोमाग बाहेर गेलो. गार्लंड आडवा आला – "ब्रदर टँडी, तुम्ही?" मी म्हटलं, शत्रूची छावणी पाहायला चाललोय. त्याने सोडलं.

छपराखाली दहाबारा माणसं. बाकांवर पाय पसरून. एकीने बूट काढलेले. दोघंजण गुडघेदुखीवरून वाद घालतायत. समोर अक्रोडाचं झाड, मागे कोठारांचा धूर. सगळ्यांच्या बोटांत सिगारेट आणि एकही पेटलेली नाही.

मला पाहून सगळे थिजले. ड्यूई म्हणाला, "बसा रे. कधीतरी कळणारच होतं." मग त्याने आपली सिगारेट माझ्यासमोर धरली. पिवळी पडलेली, मधे वाकलेली, चिकटपट्टीने सांधलेली. "ही मी गेल्या ईस्टरला घेतली. माझ्या आयुष्यात इतकी टिकलेली दुसरी एकच गोष्ट आहे, आणि ती माझी बायको."

"काडेपेटी आहे कुणाकडे?" मी विचारलं.

कुणाकडेच नव्हती.

"मला का नाही सांगितलंत?"

बूट काढलेली बाई म्हणाली, "ब्रदर ल्युशस, राग नका मानू, पण तुम्हाला सांगितलं असतं तर रविवारी ते प्रवचनात आलं असतं."

आलं असतं. खरंच आलं असतं.

म्हणजे पाहणीतही त्यांनी 'ओढतो' असंच लिहिलं. नाव लागत नाही असं मी पेटीवरून सांगितलं होतं, तरी. दहा मिनिटं जातील ही भीती माझ्या शब्दापेक्षा मोठी निघाली. वाळूच्या बादलीत मात्र थोटकं दिसली, ताजी. ड्यूई म्हणाला, मालाचे ट्रकवाले असतील.

दुपारी कापड कापताना एकदम लख्ख उजाडलं. झिपोरा! ती पण अशीच उभी होती. बोटांत होती, तोंडात नव्हती. मी तोंडात पाहिली नव्हती! इतके महिने मी पोरीचं तोंड कशासाठी बंद केलं?

संध्याकाळी ओडेसाने भट्टीत भाजलेली रताळ्याची गोड पाई घेऊन तिच्या घरी गेलो. दारातच म्हटलं, "पोरी, मला छपराखालचं सगळं कळलं." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "काय कळलं, डॅडी?" कुणी ओढत नाही हे कळलं, म्हटलं. मी म्हातारा गाढव आहे हे कळलं. ती हसली नाही, तिचे डोळे भरून आले. काहीतरी सांगायला लागली, "डॅडी, मी तुम्हाला–" पण मला थांबवेना. वसंतापासूनचं सगळं साचलेलं होतं. मीच बोलत राहिलो. पाई खाऊन संपेपर्यंत बोलत राहिलो. निघताना तिने माझ्या कोटाचं बटण लावून दिलं, लहान मुलाचं लावतात तसं.

मी रस्ताभर गात घरी आलो.

३ ऑक्टोबर

पेच. नव्या मॅनेजरला माझा ठराव फार आवडलाय. आज स्वतः येऊन हात मिळवला. छप्पर गेलं की सिगारेटची सुट्टी कशाला, म्हणाला. दोन्ही एकदमच काढू. गोड माणूस. साप पण दिसायला सुंदरच असतो.

म्हणजे माझाच ठराव मंजूर झाला तर त्या बाईला बूट काढून बसायला मिळणार नाही. आणि ठराव मागे घेतला तर भावाच्या नावाने जे बोललो ते गिळायचं. ओडेसा म्हणाली, "गिळ. तुला पचेल. तू चांगला जाडजूड आहेस."

७ ऑक्टोबर

मिस हॅलोरनला खरं काय ते सांगितलं, लोकांना विचारून. ती इतकी हसली की चष्मा काढावा लागला. मग एकदम गंभीर. "चूक माझी. मी विचारलं, तुम्ही ओढता का. विचारायला हवं होतं, तुम्ही बाहेर जाता का." ती नवा प्रश्न घेऊन सगळ्यांकडे पुन्हा फिरली. यावेळी पेटीवर मी नाही, ड्यूई चढला. दोन वाक्यं बोलून उतरला. त्याला जास्त टाळ्या मिळाल्या.

१० ऑक्टोबर

उत्तर स्वच्छ. सुखाचा सिगारेटशी संबंध नाही, दाराशी आहे. जो दिवसातून दोनदा दाराबाहेर जातो तो सुखी.

१४ ऑक्टोबर

सभा झाली. मॅनेजरलाही बोलावलं होतं, मिस हॅलोरनलाही. मी उभा राहिलो. रोमबद्दल एक अक्षर नाही.

म्हटलं, मी माझा ठराव मागे घेतो आणि दुसरा मांडतो. माझ्या बापाला तंबाखूच्या शेतात दुपारी सावलीत बसायला मिळायचं. मालक दयाळू होता म्हणून नाही. खेचराला विसावा लागायचा म्हणून. खेचर थांबलं की बाप थांबायचा. आज या कारखान्यात खेचराच्या जागी सिगारेट आलीय. तिला विसावा आहे, माणसाला नाही. माणसाने विसावा मिळवायला मेलेलं पान हातात धरून जायचं, आपण त्या पानाचे नोकर आहोत असं दाखवायचं! ती दहा मिनिटं फुप्फुसांची आहेत, धुराची नाहीत. सगळ्यांना द्या. हात मोकळे ठेवून बाहेर जाऊ द्या.

मग मिस हॅलोरनने आकडे वाचले. बाहेर जाणारे नोकरी सोडत नाहीत, हा आकडा आला तेव्हा मॅनेजर पुढे सरकून बसला. त्याला माझ्या बापाच्या खेचरापेक्षा तो आकडा जास्त कळला. असू दे. देव वाकड्या काठीनेही सरळ रेघ ओढतो.

सगळे हात वर. मॅनेजरने एक तारखेपासून मान्य केलं.

१ नोव्हेंबर

पहिला दिवस. गार्लंड सवयीने दारात उभा, पण काय तपासायचं ते त्याला कळेना. शेवटी प्रत्येकाला "मजेत?" असं विचारून सोडू लागला.

ड्यूईच्या सिगारेटचा अंत्यविधी केला, अक्रोडाखाली. सगळ्यांनी आपापल्या बिनपेटलेल्या सिगारेटी खड्ड्यात टाकल्या. श्रद्धांजलीचं भाषण मला दिलं, पण ते लहान असावं अशी अट घालून. "ती कधी जळली नाही, कुणाला जाळलं नाही," एवढंच म्हटलं. ड्यूईने टोपी काढली आणि नाक शिंकरलं. बूट काढणाऱ्या बाईने अनवाणीच भजन म्हटलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा सकाळच्या पाळीत दहा मिनिटं काही न करता बसलो. पाठीला कळेचना काय झालं ते.

झिपोरा नव्हती. तिच्या मशीनचा धागा अडकला होता म्हणे.

४ नोव्हेंबर

आता छपराचं काय, असा प्रश्न निघाला. सगळे झाडाखालीच बसतात. मी म्हटलं, पाडा. कुणी हरकत घेतली नाही. सोमवारी सुतार येतोय. माझा पहिला ठरावही अखेर मंजूर झाला म्हणायचा! ओडेसाला सांगितलं. ती नुसतं "हं" म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

७ नोव्हेंबर

बाक झाडाखाली आणायला म्हणून छपरापाशी गेलो. पाऊस भुरभुरत होता, बाकी कुणी बाहेर नव्हतं. आत झिपोरा. एकटी. बोटांत सिगारेट, आणि पेटलेली.

तिने लपवली नाही. सरकली फक्त. "धूर तुमच्याकडे येतोय, डॅडी. या बाजूला बसा."

मी त्या बाजूला बसलो. तोंडात आलेलं पहिलं वाक्य गिळलं. दुसरंही.

"त्या संध्याकाळी तू काहीतरी सांगत होतीस," मी म्हटलं. "आता सांग."

आणि गप्प राहिलो.