दुसऱ्या भिंतीचा दांडा

दादर,
डिसेंबर १९५७

प्रिय कालिंदी,

शाळेत पंतोजी कविता म्हणून घ्यायचे, तेव्हा पहिली ओळ म्हणून झाली की दुसरी हमखास दडून बसायची. आज तसंच झालंय. 'प्रिय' लिहिलं आणि दौत भरून आणायला उठलो. गिरगाव काही परमुलूख नाही, ट्राममध्ये बसलो की आलोच. पण तिथं येऊन बोलायचं, तर चाळीतली कमलाबाई गॅलरीत कान लावून बसणार, आणि तू मला चहा देऊन पाहुण्यासारखं वाटेला लावणार. म्हणून हे पत्र.

घर तू पाहिलंच आहेस, तरी पुन्हा सांगतो. पणजोबांनी नारळीच्या बागायतीत बांधलेलं शेतघर ते, भाडेकरी गेल्यावर पावसात भिजलेल्या छत्रीसारखं मिटून गेलं होतं. मग कौलं शाकारून झाली. ओटीच्या एका उंच पायरीच्या दोन बसक्या केल्या, तुझा गुडघा कुरकुरतो म्हणून. न्हाणीघर विहिरीपलीकडून आत आणलं. गुळगुळीत फरशीला पाथरवटाकडून टाकी मारून घेतली, ओला पाय सरकू नये म्हणून. शिसवी पलंगाचे पाय कापले तेव्हा पणजोबा स्वप्नात येऊन रागावतील असं वाटलं होतं, पण आले नाहीत. पाय अडकू नये म्हणून उंबरठा तासताना मात्र मीच अडखळलो. तेव्हा तू पुढं झालीस, त्यावर हळदकुंकू वाहिलंस, हात जोडलेस आणि कोंडीराम सुताराला म्हणालीस की आता लाव पटाशी.

आपल्याला मूलबाळ नाही. म्हातारपणी एकमेकांचा हात धरायचा, आणि आपले हात पुरले नाहीत तर थोडं भिंतीनं धरावं, एवढाच माझा बेत होता. चाळीतल्या त्या दोन खोल्यांत चाळीस वर्षं आपण हेच ठरवत होतो ना? नोकरी संपली की वाडीत जायचं, सकाळी पारिजातकाखाली बसायचं. मी बोलायचो, तू तांदूळ निवडायचीस. गप्प बसलेल्या माणसाचा होकार धरून चालायचं नसतं, हे मला कुठल्या इयत्तेत शिकवलं नाही.

माजघरातून न्हाणीघराकडे जायच्या बोळात दोन्ही भिंतींना धरून चालायला सागवानी दांडे बसवायचे होते. डावा माझ्या उंचीचा, उजवा तुझ्या, कारण तू माझ्याहून चांगली बुटकी. कोंडीरामनं मला भिंतीशी उभं केलं, हात सैल सोडायला सांगितला आणि मनगटापाशी पेन्सिलीची रेघ मारली. मग तो तुझ्याकडे वळला. तू पदराला हात पुसत म्हणालीस, "आधी तुमचं होऊ दे. माझं कुठे पळतंय." मी हसलो. पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. मग कोंडीरामनं विचारणंच सोडलं. त्याला कळलं होतं. कमलाबाईला तर ठाऊकच होतं. साऱ्या चाळीला माहीत होतं, एक या घराचा मालक सोडून.

वास्तुशांतीला तू चाळीतल्या बायकांबरोबर आलीस. देवापुढं दिवा लावलास, पंगती वाढल्यास. मी गृहप्रवेशावर शार्दूलविक्रीडितात चार श्लोक रचले होते, ते म्हटले. तू डोळ्यांना पदर लावलास आणि मला वाटलं, वृत्त साधलं. संध्याकाळी बायका निघाल्या तशी तूही चपला घातल्यास. मी विचारलं, तर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "घर छान झालंय. तुम्ही सुखानं राहा. मी तिथंच बरी आहे."

मला वाटलं, मागचं आवरून चार दिवसांत येशील. मग तू येताना आणलेली ट्रंक उघडली. माझी धोतरं, माझी बंडी, मफलर, दम्याचं औषध, दाढीचा आरसासुद्धा फडक्यात गुंडाळलेला. तुझं एक लुगडं नाही. डांबराच्या गोळ्या घालून, घडीवर घडी. रागाच्या भरात कुणी अशी ट्रंक भरत नाही, कालिंदी. ती तू सावकाश भरलीस, आणि मी शेजारीच बसून तुला कविता वाचून दाखवत असेन.

हे कधी सुरू झालं, ते मी शोधतो आहे. गेल्या वर्षी जानेवारीत मुंबईसाठीच्या आंदोलनात गिरगावात गोळीबार झाला तेव्हा मी घराच्या कामापायी इथं अडकून पडलो होतो. संचारबंदी उठल्यावर धावत आलो, तर तुझ्या पदराला कांद्याचा वास. अश्रुधुरातल्या पोरांना तुम्ही बायका गॅलरीतून ओली फडकी आणि कांदे टाकत होता. ते सांगताना तू हसलीस, तसं हसताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. आता म्हणे रोज सकाळी तू सगळ्या बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवतेस. ती अक्षरं मी शिकवली तुला, क्रमिक पुस्तकातल्या कवितांवरून, बोट धरून. मुंबई आपलीच म्हणून घसा कोरडा करता, मग दादर काय मुंबईबाहेर आहे?

तू तिथं राहिलीस याचं एवढं लागलं नाही. येत नाही म्हणाली असतीस, तर मी भांडलो असतो, एक वेळ जेवलो नसतो आणि मग तो दांडा चाळीतल्याच भिंतीला ठोकला असता. पण तू मला हे घर बांधू दिलंस. उन्हात उभी राहून कौलं पारखलीस. उंबरठ्याची क्षमा मागितलीस. मी तुझ्यावाचून नीट राहावं, पडू नये, म्हणून तू हे सगळं केलंस, आणि मला ते आपल्या दोघांचं वाटू दिलंस. फसवून केलेल्या अशा मायेला काय म्हणतात, ते माझ्या एकाही कवितेत सापडत नाही.

आता लिहायचं कारण. आज कोंडीराम आला होता. डाव्या भिंतीचा दांडा केव्हाच बसला, मी तो धरूनच चालतो. उजव्या भिंतीत दांडा अडकवायच्या नुसत्या लाकडी गुट्ट्या ठोकून ठेवल्या आहेत. तो म्हणाला, काढून गिलावा करू, की दांडा बसवू? बसवायचा तर कुठं? मी भिंतीपाशी गेलो, तुझ्या खांद्याची अटकळ बांधली, तिथून हात खाली आणून पाहिला. प्रत्येक वेळी तो निराळ्याच जागी थांबला. कोंडीराम रविवारी परत येणार आहे. राहायला ये असं मी लिहीत नाही. भिंतीशी उभी राहा, हात सैल सोड, तो रेघ मारील, आणि मग हवं तर उभ्या पावली परत जा. मापापुरती ये.

तरीही तुझाच,
मनमोहन